वृत्तपट कॅमेरामन (प्रारंभीचा काळ)

मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या वृत्तपटांसाठी घटनास्थळी जाऊन चित्रण करणारा कॅमेरामन. पाते कंपनीने १९०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये वृत्तपट सुरू केले. १९१०-११ मध्ये ते ब्रिटन व अमेरिकेत पोचले.

या मंडळींच्या धाडसाचे निम्मे श्रेय यंत्राच्या गैरसोयीला द्यावे लागते. पेटीसारखा कॅमेरा तिपाईवर बसवून त्याचे हँडल सेकंदाला दोन फेरे या लयीत फिरवावे लागे. एका फेऱ्याला आठ चित्रे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागत, घाईला आला तर रेंगाळत. फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. तिपाई एकदा रोवली की बातमीच तिच्यासमोर घडावी लागे. ४ जून १९१३ रोजी इंग्लंडमधील एप्समच्या डर्बी घोड्यांच्या शर्यतीत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन एका वळणावर राजाच्या घोड्यापुढे आली, ती चित्रित झाली कारण कॅमेरे शर्यतीसाठी त्या वळणाकडे रोखलेले होते.

पहिल्या महायुद्धात जेफ्री मॅलिन्स हा ब्रिटिश कॅमेरामन १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवर हॉथॉर्न टेकडीखालच्या सुरुंगाची वाट पाहत हँडल फिरवत होता. ठरलेली वेळ उलटली, हजार फुटांहून अधिक फिल्म संपली. स्फोटाआधी रीळच संपेल की काय, या धास्तीचे वर्णन त्याने आठवणींत केले आहे. स्फोट झाला, चित्रणही मिळाले. मात्र हे चित्रण ज्यात आले त्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या युद्धपटातील खंदकातून चढून जाणाऱ्या सैनिकांचे गाजलेले दृश्य आघाडीमागे मुद्दाम उभे केलेले होते.

हातात धरता येणारा पहिला उपयुक्त कॅमेरा पोलंडच्या काझिमिएश प्रुशिन्स्की यांचा ‘एअरोस्कोप’. तो पंपाने भरलेल्या हवेवर चाले, त्यामुळे हात मोकळा राही. १९२५ मध्ये चावीच्या स्प्रिंगवर चालणारा ‘आयमो’ आला आणि तिपाईचे ओझे बरेच सुटले.

जपानी विमानांनी १२ डिसेंबर १९३७ रोजी यांगत्से नदीत अमेरिकन युद्धनौका ‘पनाय’ बुडवली, तेव्हा नॉर्मन ॲली व एरिक मेयेल हे दोन वृत्तपट कॅमेरामन तिच्यावर होते. वैमानिकांना ध्वज ओळखता आला नाही, असे जपानचे म्हणणे होते; ॲलीच्या फिल्ममध्ये विमाने अगदी जवळून जाताना दिसत होती. तेवढा सुमारे तीस फुटांचा, म्हणजे पडद्यावर जेमतेम वीस सेकंदांचा तुकडा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विनंतीवरून प्रदर्शनापूर्वी कापण्यात आला.