आधी प्याला की आधी कविता?

दुःख झालं, कवी प्यायला लागला आणि त्यातून काळीकुट्ट कविता आली. ही साखळी पुण्यातल्या कट्ट्यांवर इतक्यांदा ऐकलीय की ती तपासायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

आपल्याकडे माधव जूलियनांनी उमर खय्याम थेट फारसीतून मराठीत आणला. ते १९२३ साली पुण्यात जमलेल्या कवींच्या रविकिरण मंडळातले. पण त्या रुबायांतली मदिरा बरीचशी प्रतीकाची. खरी दारू राम गणेश गडकऱ्यांची. त्यांच्या निधनानंतर, १९१९मध्येच रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तला सुधाकर चैन म्हणून पीत नाही. वकिलीची सनद गेल्याचा अपमान विसरायला पितो. याच गडकऱ्यांनी गोविंदाग्रज होऊन मूल गेलेल्या आईचा विलाप लिहिला, तोही आईच्याच तोंडून.

हुकमी दाखला मात्र अमेरिकन कवी एडगर ॲलन पोचा दिला जातो. तिथे तारखा बघाव्यात. जानेवारी १८४२मध्ये गाता गाता त्याच्या बायकोच्या, व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. ती गेली १८४७मध्ये, चोविसाव्या वर्षी. आणि मेलेल्या प्रियेसाठी झुरणाऱ्या माणसाची, डोमकावळ्याची ती गाजलेली कविता १८४५ची! म्हणजे व्हर्जिनिया तेव्हा जिवंत होती. ती सावरायची, पुन्हा खालावायची. त्या हेलकाव्यांत हा आधीच शोक करत होता आणि पीतही होता. १८४८च्या एका पत्रात तो म्हणतो, वैऱ्यांनी माझ्या वेडाचं खापर दारूवर फोडलं, वेडापायी दारू आली हे पाहिलं नाही. कविता मात्र गणित सोडवावं तशी, शेवटाकडून रचली, असा त्याचा १८४६चा दावा. तो पूर्ण खरा मानायला मी तयार नाही, पण झिंगलेल्या माणसाचं बोलणं ते नव्हे. बेवड्या कवीची प्रतिमा पक्की केली ती तो गेल्यावर ग्रिसवल्ड या संपादकाने खुन्नस ठेवून लिहिलेल्या चरित्राने.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गर्द, म्हणजे ब्राउन शुगर आली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६मध्ये येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. नशा न मिळाल्यावर जे हाल होतात त्याला गर्दुल्ले 'टर्की' म्हणत. या शब्दाला कोणी कवितेचा साज चढवलेला मी तरी पाहिला नाही.

एका मित्राची वही मी पाहिलीय, वडील गेल्यानंतरच्या वर्षातली. रात्री पिऊन लिहिलेल्या ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या, शेवटचे शब्द लागतच नाहीत. त्यांवर सकाळच्या निळ्या पेनाने काट मारलेली. पुढे छापून आल्या त्या चारही कविता निळ्या शाईतल्या.