ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षण (नाशिक जिल्हा)

नोकरीत असलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण इंटरनेटवरून घेणं, आणि ते घेताना शिक्षक नुसता बघ्या राहणार नाही अशी साधनं त्यात वापरणं, असा अर्थ या नोंदीत धरलाय. सरकारी कागदांवर 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' असं भारदस्त नाव असतं, शाळेत मात्र 'ट्रेनिंग लागलंय' एवढंच म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान 50 तास अशा शिक्षणाला द्यावेत असं म्हटलंय, त्यामुळे हा विषय आता हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही.

सुरुवात कधीपासून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण 2020 चा लॉकडाऊन धरतात कारण झूम आणि गूगल मीट तेव्हाच घराघरात शिरलं. काहींच्या मते 5 सप्टेंबर 2017, म्हणजे दीक्षा हे शालेय शिक्षणाचं राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं तो शिक्षक दिन, हीच खरी सुरुवात. त्याच्याही मागे जाणारे 1975-76 च्या 'साइट' प्रयोगाकडे बोट दाखवतात, ज्यात उपग्रहावरून टीव्हीच्या मदतीने विज्ञान शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं, पण त्या प्रयोगाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता त्यामुळे नाशिकच्या नोंदीत तो फार ताणण्यात अर्थ नाही. चौथं मत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं नाव घेतं. हे विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि मुख्यालय नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धन गावाजवळ. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना दूरशिक्षणाने बी.एड. करायची सोय तिथे झाली. आक्षेप असा की छापील पुस्तकं आणि संपर्क सत्रं म्हणजे काही ऑनलाइन नव्हे, आणि तो शब्दशः बरोबर आहे. तरी चौथं मत जास्त पटतं, कारण घरी एकटा बसलेला, दिवसभर वर्ग घेऊन दमलेला शिक्षक अभ्यासात कसा टिकवायचा हा प्रश्न नाशिकमध्ये मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथेच समोर आला असावा. माध्यम नंतर बदललं, प्रश्न तोच आहे.

याच प्रश्नावर दूरशिक्षणाच्या अभ्यासकांनी बराच खल केलेला आहे. स्वीडनच्या बोर्ये होल्मबर्ग यांचं म्हणणं की पाठ्यसाहित्य विद्यार्थ्याशी गप्पा मारल्यासारखं लिहावं, मध्येच प्रश्न विचारावा, थांबवावं. स्वयंअध्ययन पुस्तकांत पानागणिक 'तुमचं उत्तर इथे लिहा' अशी चौकट असते ती याच विचारातली. अमेरिकेच्या मायकेल मूर यांनी 1989 मध्येच (योगायोग म्हणा) तीन प्रकारचे संवाद सांगितले: शिकणाऱ्याचा मजकुराशी, शिकवणाऱ्याशी, आणि इतर शिकणाऱ्यांशी. नुसता व्हिडिओ लावला की पहिला संवाद कसाबसा होतो, बाकीचे दोन होतच नाहीत, आणि आजच्या बऱ्याच ऑनलाइन ट्रेनिंगचं दुखणं इथेच आहे. 'गेमिफिकेशन' म्हणजे बॅज, गुण, क्रमवारी वगैरे, हा शब्द साधारण 2002 च्या आसपासचा मानतात, ब्रिटिश प्रोग्रॅमर निक पेलिंग तो आपलाच असल्याचं सांगतात, पण प्रचारात तो 2010 नंतरच आला. बॅजने शिक्षक गुंततो का, यावर मतभेद आहेत. पहिला आठवडा गुंततो, एवढं बहुधा सगळे मान्य करतील.

केंद्र सरकारचा 'निष्ठा' हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम ऑगस्ट 2019 मध्ये समोरासमोरच्या प्रशिक्षणाने सुरू झाला, उद्दिष्ट सुमारे 42 लाख शिक्षकांचं. आधी राज्यस्तरीय तज्ज्ञ, मग साधनव्यक्ती, मग शिक्षक अशी ती उतरंड होती, आणि वरून सांगितलेलं खाली पोचेपर्यंत पातळ होतं ही जुनी तक्रार. ऑक्टोबर 2020 पासून तो दीक्षावर आला, प्राथमिकसाठी 18 कोर्स. उतरंड गेली, डोंगराळ सुरगाणा तालुक्यातल्या शिक्षकाला आणि नाशिक शहरातल्या शिक्षिकेला एकच व्हिडिओ मिळायला लागला, हा फायदा मोठा. पण सर्टिफिकेट हेच ध्येय झालं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये: मोबाईल ओट्यावर ठेवून व्हिडिओ चालू आणि इकडे भाजीला फोडणी, चाचणीची उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच फिरलेली. राज्यात वरिष्ठ वेतनश्रेणी (12 वर्षांच्या नोकरीनंतर) आणि निवडश्रेणी (24 वर्षांनंतर) या वरच्या पगारश्रेण्यांसाठीचं प्रशिक्षणही 2022 मध्ये ऑनलाइन झालं, तिथे तर पगारच अडकलेला, त्यामुळे गुंतणं वेगळ्या अर्थाने होतंच.

साधनांचं म्हणाल तर ऑनलाइन चाचणीसाठी गूगल फॉर्म आणि टेस्टमोज सगळ्यांच्या सवयीचे. काहूट (नॉर्वे, 2013) घड्याळ लावून प्रश्नमंजुषा घेतं, हशा पिकतो, पण रेंज कमी असेल तर हळू नेटवाला चुकीचा नसूनही मागे पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत हा छोटा मुद्दा नाही. तिथे पॅडलेटसारखा सगळ्यांचा ऑनलाइन फळा बरा पडतो, कारण आपल्या सवडीने, रेंज असेल तिथे जाऊन फोटो किंवा आवाज टाकता येतो. समजा विषय आहे पहिलीतल्या मुलांची घरची भाषा. व्याख्यान ऐकवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या मुलांचे कोकणा किंवा वारली या आदिवासी बोलींतले पाच शब्द रेकॉर्ड करून टाका असं सांगितलं तर शिक्षक दुसऱ्याचं ऐकायला परत येतो, आणि मूर यांचा तिसरा संवाद फुकटात होतो. एचफाइव्हपी (H5P) या साधनाने व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न टाकता येतो, म्हणजे होल्मबर्ग यांची ती रिकामी चौकटच पुन्हा, फक्त ती न भरता पुढे जाता येणार नाही अशी सोय करता येते. झूमचे छोटे गट पाच-सहा जणांचे असले तर लोक बोलतात, वीस झाले की सगळे कॅमेरे बंद.

वेळेचं गणित जिल्हा परिषदेच्या शाळांत अवघडच असतं. शाळा सुटल्यावर लगेच लावलेलं सत्र एसटी पकडणाऱ्याला गैरसोयीचं, रात्री नऊचं बाईमाणसांना. केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद ही सगळ्यांच्या ओळखीची बैठक असल्याने आठवडाभर ऑनलाइन पाहून या, परिषदेत फक्त चर्चा करू, अशी जोड देणं सोपं जातं. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा बऱ्याच, तिथे मराठी व्हिडिओ पुढे ढकलून भागत नाही.

साधनं टिकतातच असं नाही. गूगलचा जॅमबोर्ड, ज्यावर लॉकडाऊनमध्ये चिकटचिठ्ठ्या लावायला लोक शिकले होते, 31 डिसेंबर 2024 ला बंद झाला.