मधुमेही चेताविकार आणि तोल

मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्यावर उभे राहताना, वळताना व चालताना तोल जाण्याचा विकार. नागपुरात रुग्ण हे नाव घेत नाहीत. ‘गादीवर चालल्यासारखं वाटते’, ‘चप्पल निघाली ते कळलंच नाही’ असे सांगतात. चप्पल निसटण्याची तक्रार किरकोळ मानू नये.

तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांची जाणीव लागते. वाढलेल्या साखरेने लांब नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो. तळपायाची उणीव डोळे भरून काढतात. त्यामुळे दिवसा धड चालणारा माणूस लाईट जाताच अडखळतो, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरतो. रोंबर्ग चाचणीत हेच पाहतात: पाय जुळवून उभे करायचे, मग डोळे मिटायला सांगायचे. तपासणाऱ्याने सावरायला जवळ थांबावे. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) लावून पायाची जाणीव तपासतात. खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरावा.

सगळा दोष पायांवर टाकू नये. उभे राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा रक्तदाब 20 मिमी (पारा) किंवा जास्त उतरणे, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होणे, दृष्टिपटलाचा विकार, अचानक उतरलेली साखर हेही तपासावे लागते.

नागपूरचा उन्हाळा यात भर घालतो. पारा 45 अंशांपुढे जातो, घामाने पाणी कमी पडते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कूलर भरताना सांडलेले पाणी बधिर पायाला कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटकाही फोड आल्यावरच दिसतो. दर्शन सकाळी लवकर उरकावे. सिमेंट रस्त्याच्या उंच कडेवरून उतरताना आधी खाली बघावे.

साधी स्लिपर बोटांनी आवळून धरावी लागते, आणि नेमके तेच जमत नाही. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बंद बूट घ्यावा. फार जाड, लुसलुशीत तळाच्या बुटात पाय सुखावतो, पण जमीन आणखी हरवते.

व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला धरून, मागे खुर्ची ठेवून करावा. टाचा 10 वेळा उचलणे, अशा 2 फेऱ्या. एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून 10 सेकंद उभे राहणे, पुढे 30 पर्यंत. आधार दोन हातांवरून एका हातावर, मग एका बोटावर आणावा. डोळे मिटून करायचे प्रकार फिजिओथेरपिस्टसमोरच. तळपायाला जखम असेल तर उभ्याचे व्यायाम बंद, बसून करायचे चालतील. पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर दुखत नसला तरी चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

काठीची लाज बरेच जण बाळगतात. ती भार घेते त्याहून जास्त जमिनीची खबर हाताला देते. बोटाचा हलका स्पर्शसुद्धा डोलणे कमी करतो. उंची मनगटाच्या रेषेइतकी हवी, आणि टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की बदलावे.