कृतज्ञतेची वही आणि २१ दिवस

‘२१ दिवस रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, कृतज्ञतेची सवय कायमची लागेल, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

आकडा मुळात १९६० च्या एका अमेरिकी पुस्तकातला. प्लास्टिक सर्जन असलेल्या लेखकाचं निरीक्षण एवढंच, की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. ‘किमान’ वाटेत गळालं. पुढे लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोज फळ खाणं, पाणी पिणं अशा साध्या सवयी लावून पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला अंदाज निघाला १८ ते २५४ दिवसांचा! एखादा खाडा पडल्याने फारसं बिघडलंही नाही.

स्वतः पडताळायचं? वही लिहायची आठवण करून देणारा अलार्म बंद करा. अंथरूण घातल्यावर हात आपसूक वहीकडे जातो का, बघा. नसेल जात, तर अजून वेळ लागेल.