गोधडीखालची खरखर

दिवसभर कापूस वेचून दमलेलं घर झोपतं आणि गोधडीखाली नखांची खरखर सुरू होते. आधी पोराची, मग आईची, मग आजीची. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला येते आणि घरात एकाहून जास्त जणांना आहे, तर पहिला संशय खरजेचा घ्यावा.

खरजेचा किडा जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. मादी कातडीत बारीक भुयार खणून अंडी घालते. खाज सुटते ती किडा, अंडी आणि विष्ठा शरीराला सोसत नाही म्हणून. पहिल्या वेळी ही खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणजे आज न खाजवणाऱ्या आजोबांच्या अंगातही किडा असू शकतो! म्हणून परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, आणि आठवड्याने पुन्हा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचं. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते. औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पापण्या, मान, कोपराची घडी खाजत असेल तर धुऱ्यावरच्या गाजरगवताकडे बघा. वाळल्यावर त्याची भुकटी हवेत उडते. चार दिवस माहेरी राहून आराम पडला, की संशय बळावतो.

जांघेतला गोल, कडेने उठलेला चट्टा नायट्याचा. इथे मेडिकलवरून न विचारता आणलेली ट्यूब घात करते आणि याचा मला फार संताप येतो. तिच्यात स्टेरॉईड असलं तर दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरतच राहते. चट्ट्याचा आकार मोडतो, मग डॉक्टरलाही तो ओळखणं जड जातं.

पुरळ काहीच नाही आणि सहा आठवडे अंग खाजतंय? हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांची कातडी नुसती कोरडी पडलेली असते, अंघोळीनंतर खोबरेल लावलं की भागतं. नाहीच भागलं तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, रक्तातलं लोह, साखर तपासून घ्यावी. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही अशी होते.

आणि गरोदर बाईचे शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजत असतील, तर पैसा येणार म्हणून हसण्यावारी नेऊ नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसेल तर अशी खाज सुटते आणि पोटातल्या बाळाला धोका असतो. आशाताईंना सांगा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.