घरचे मणी तारेत गाठवून घेताना

तुटलेल्या माळेचे मणी डबीत जपून ठेवलेले असतात, पण नव्या हाराला ते नेमके कमी पडतात. दोऱ्यात ओवायचं तर १८ इंची हाराला ८ मिमीचे सुमारे ५५ मणी लागतात. तेच मणी सुटे सुटे तारेत बांधून, तारेच्या दोन्ही टोकांना फासे (छोट्या गोल कड्या) काढून साखळीसारखे जोडले, तर २६-२७ पुरतात. तार जाते साधारण अडीच मीटर. तेव्हा आमच्याकडे हार करून घ्यायला येताना मणी मोजून आणा, 'वाटीभर आहेत' यावरून काही ठरवता येत नाही.

तारेची जाडी मण्याच्या भोकावर ठरते. काचेच्या आणि अकिकाच्या मण्यांना ०.६ मिमी, रुद्राक्षाला आणि लाकडी मण्यांना ०.८. मोत्याचं भोक बारीक, त्यात बहुधा ०.४ मिमीचीच तार जाते आणि ती हाराचं वजन पेलत नाही. म्हणून मोती साखळीत न घेता खाली लोंबते ठेवतो. तार स्वतः विकत घेणार असाल तर मिलिमीटरमध्ये मागा. गेजची, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकांची, मापं दोन आहेत: २० गेज म्हणजे एका मापात ०.८१ मिमी, दुसऱ्यात ०.९१.

एका मण्याला ९ सेंमी तार. मण्यापासून २ मिमी सोडून काटकोनात वळवायची, गोल तोंडाच्या पकडीवर फासा घ्यायचा, आधीचा मणी त्यात अडकवायचा आणि मगच सोडलेल्या २ मिमीवर, म्हणजे तारेच्या मानेवर, तीन वेढे घालायचे. नवशिक्यांचं इथेच चुकतं. वेढे आधी घातले की फासा बंद होतो आणि जोडायला वाट राहत नाही. मग उलगडून पुन्हा वळवलं जातं. पण तांबं-पितळ वारंवार वाकवलं की कडक होतं आणि त्याच वळणावर तुटतं. चुकलेला तुकडा टाकून द्यावा, तार महाग नाही. पकडीला दाते नसावेत, त्यांचा ओरखडा पडला की तूट तिथूनच सुरू होते. शेवटचं टोक चपट्या पकडीने आत दाबलं नाही तर पैठणीचे धागे ओढले जाणार, हे नक्की.

त्र्यंबकेश्वरहून आणलेल्या रुद्राक्षाच्या भोकात बऱ्याचदा तंतू अडकलेले असतात, ते दाभणाने काढून आणा. येवल्याच्या पैठणीचा जुना काठ असेल तर लाकडी मण्यांवर चढवून देतो. असा हार भिजवू नये.

जर्मन सिल्व्हरच्या तारेत चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. कानातल्याने खाज येत असेल तर ही तार घेऊ नका. तांब्याची घ्या, ती घामाने काळवंडते, कधी मानेवर हिरवट डाग पडतो, पण तो धुतला की जातो. तांबं चिंचेने उजळतं हे खरं, मात्र हारात मोती किंवा पोवळं असेल तर चिंच-लिंबू लावूच नका. आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि ती चमक परत आणता येत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसा, अत्तर हार घालण्याआधी लावा.

हुकाची कडी सैल झाली तर दोन पकडींनी टोकं पुढे-मागे सरकवून मिटवा. बाजूला फाकवलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही.