ताप उतरला म्हणजे कामावर जाता येते का?

अंग कसकसत असताना, घसा धरलेला असताना किंवा रात्रभर पोट बिघडलेले असताना बहुतेक माणसे सकाळी स्वतःला एकच प्रश्न विचारतात: आज जमेल का? गोळी घेतली, आंघोळ उरकली, दोन घास पोटात गेले, की उत्तर होकारार्थी येते आणि माणूस कामावर जातो. अडचण अशी आहे, की हा प्रश्न ज्या मेंदूला विचारला जातो, त्याच्याकडे आजाराचे निखळ मोजमाप नसते. त्याच्याकडे असतो तो आजार आणि गरज यांचा एकत्रित हिशेब, आणि गरज मोठी असली की आजार लहान भासतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांच्या १९६४ मधील प्रयोगांतून ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसली. तहानलेल्या उंदरांना दांडी दाबून पाणी मिळवायला शिकवलेले होते. जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्य टोचल्यावर ते आजारी पडले आणि त्यांचे दांडी दाबणे थांबले. पाहणाऱ्याला वाटावे, की त्यांच्या अंगात त्राणच उरले नाही. परंतु तेच विषद्रव्य टोचलेल्या उंदरांना सतत फिरणाऱ्या पिंपात ठेवले, आणि दांडी दाबली की पिंप थोडा वेळ थांबेल अशी सोय केली, तेव्हा त्यांनी दांडी निरोगी अवस्थेतल्यापेक्षाही अधिक वेळा दाबली. म्हणजे त्राण संपलेले नव्हते. ते कशावर खर्च करायचे याचा क्रम शरीराने बदलला होता आणि त्या क्रमात विश्रांती सर्वांत वर आली होती.

हा क्रम बदलतो कसा, हे पुढच्या काही दशकांत उलगडले. संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन या वर्गातील प्रथिने सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यांतली प्रमुख होत. त्यांचा निरोप रक्तावाटे आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मग भूक मरते, सारखी झोप येते, अंग मोडून येते, माणसांत बसणे नकोसे होते, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही. फ्लूमधील या साऱ्या ग्लानीचा मोठा भाग विषाणू घडवत नाही, आपले शरीर घडवते. पशुवैद्यकातील संशोधक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये असे मांडले, की आजारी प्राण्याचे निपचित पडून राहणे हा दुबळेपणा नसून संसर्गाशी लढण्यासाठी ऊर्जा राखून ठेवण्याची उत्क्रांत झालेली रीत आहे. तापही त्याच रीतीचा भाग आहे. मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर केलेल्या प्रयोगात, जिवाणूंचा संसर्ग झालेल्या ज्या सरड्यांना अधिक उष्ण जागेत ठेवले, ते कमी तापमानात ठेवलेल्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले.

तरीही ही रीत परिस्थितीला वाकते. झेब्रा फिंच या लहान पक्ष्यांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, असेच विषद्रव्य टोचलेले नर एरवी मलूल होऊन बसत, पण अनोळखी मादी जवळ असली की त्यांच्या वागण्यात आजारपण दिसत नसे. शरीरातला दाह तसाच होता. त्याचे बाह्य रूप मात्र नाहीसे झाले होते. महिनाअखेरीचे काम, कापला जाणारा पगार, वरिष्ठांची नाराजी किंवा परीक्षेच्या दिवसांतली शिक्षकाची जबाबदारी माणसाच्या बाबतीत हेच करते. म्हणून ‘मला जमेल’ ही भावना खोटी नसली, तरी ती आजाराविषयी फारसे काही सांगत नाही, आणि घरी राहण्याचा निर्णय तिच्यावर सोपवणे मला धोक्याचे वाटते.

त्यात गोळीची भर पडते. पॅरासिटामॉल मेंदूतील प्रोस्टाग्लँडिन या ताप आणि वेदना वाढवणाऱ्या द्रव्याची निर्मिती कमी करते, त्यामुळे ताप उतरतो आणि अंगदुखी थांबते; विषाणूंची संख्या मात्र त्याने घटत नाही. गोळीचा अंमल काही तासांत ओसरतो आणि दुपारी माणूस कार्यालयात किंवा कारखान्यात पुन्हा तापाने फणफणतो. ताप मोजायचा तर तो गोळी घेण्याआधी मोजावा. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उलटल्यावर सर्वांत जास्त असते, आणि हा फरक निरोगी माणसातही साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसचा असतो. काखेतले माप तोंडातल्यापेक्षा आणखी थोडे कमी भरते. सर्वसाधारणपणे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हणतात. सकाळी काखेत मोजलेला ९९.५ हा आकडा म्हणूनच निश्चिंत होण्याजोगा नसतो. संध्याकाळी तो वर जाण्याची शक्यता पुष्कळ असते.

आपल्याला कसे वाटते आणि आपण इतरांना किती धोकादायक आहोत, ही दोन घड्याळे वेगवेगळी चालतात. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवू लागतो. पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक संसर्गाचे असतात. एरवी निरोगी असलेल्या प्रौढांत हा काळ एकूण पाच ते सात दिवसांपर्यंत लांबतो. आदल्या दिवसाचा संसर्ग कोणालाच टाळता येत नाही, कारण तेव्हा आपण आजारी आहोत हे माहीतच नसते. हाती असतात ते त्यानंतरचे दोन-तीन दिवस, आणि नेमके तेच दिवस माणसे अंगावर काढतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मार्च २०२४ मध्ये कोविड, फ्लू आणि तत्सम श्वसनविकारांसाठी एकच साधा नियम दिला: लक्षणे एकंदरीत कमी होत असली पाहिजेत आणि तापाचे औषध न घेता २४ तास ताप नसला पाहिजे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच बाहेर पडावे आणि पुढचे पाच दिवस मास्क, खेळती हवा व अंतर यांची काळजी घ्यावी. या नियमातले ‘औषध न घेता’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण लोकांचा गोंधळ बहुधा तिथेच होतो.

पोटाच्या विकारांत ताप असतोच असे नाही, म्हणून त्यांची कसोटी वेगळी आहे. नोरोव्हायरससारख्या संसर्गात शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून ४८ तास कामावर जाऊ नये, हा नियम ब्रिटनसह अनेक देशांत पाळला जातो. मोजके विषाणूकणही दुसऱ्याला आजारी पाडायला पुरेसे असल्याने खानावळीत, मेसमध्ये, डबे करणाऱ्या घरात किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी तो काटेकोरपणे पाळावा. या विषाणूवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर नीट चालत नाही. हात साबणाने आणि पाण्याने धुवावे लागतात. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहावे, गालगुंडांत सूज आल्यापासून पाच दिवस, आणि डोळे आले असतील तर पाणी व चिपडे येणे थांबेपर्यंत. साध्या सर्दीसाठी, ताप नसेल आणि अंगात बळ असेल, तर मास्क लावून काम करायला हरकत नाही. मात्र नवजात बालके, केमोथेरपी घेणारे रुग्ण किंवा वृद्ध यांच्या सहवासात काम करणाऱ्यांना ही सवलत घेता येत नाही.

आतापर्यंतच्या नियमांत ताप उतरणे ही चांगली खूण होती. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मात्र तीच खूण फसवू शकते, आणि परदेशी मार्गदर्शक सूचना जशाच्या तशा उचलण्यातला धोका इथे आहे. डेंग्यूत ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. तो उतरतो तेव्हा, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, काही रुग्णांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव भाग बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो आणि प्रकृती झपाट्याने बिघडते. हा निर्णायक काळ २४ ते ४८ तासांचा असतो. बरे वाटू लागल्याने माणूस याच वेळी लोकलमध्ये किंवा एसटीत बसून कामावर निघतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर घरी पडून राहणेही पुरेसे नाही, रुग्णालय गाठले पाहिजे. ताप उतरल्यावर निदान दोन दिवस विश्रांती, भरपूर द्रवपदार्थ आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्ताची तपासणी आवश्यक असते. तपासणीत केवळ प्लेटलेटकडे पाहून भागत नाही. रक्त किती दाट झाले आहे हे दाखवणारा हिमॅटोक्रिटही महत्त्वाचा असतो. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू शिंकेतून पसरत नसला, तरी तापातल्या माणसाला चावलेला एडिस डास तो विषाणू पुढे नेतो, आणि हा डास दिवसा चावतो. रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत राहावे ते यासाठी.

मलेरिया आणखी वेगळ्या रीतीने चकवतो. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीचे रक्तातील चक्र सुमारे ४८ तासांचे असते; आजार स्थिरावला, की एक दिवस हुडहुडी भरून ताप आणि दुसरा दिवस बराचसा मोकळा असा क्रम दिसू शकतो. मुंबईतल्या बांधकामांवर साठवलेल्या पाण्यात मलेरियाचे डास वाढतात, आणि तिथल्याच मजुराला मोकळ्या दिवशी आपण बरे झालो असे वाटून कामावर जाणे स्वाभाविक आहे. साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही पहिला ताप ओसरून काही दिवस बरे वाटते आणि मग काही रुग्णांत आजाराचा दुसरा टप्पा सुरू होतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर रजेचा विचार नंतर करावा. आधी डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे सांगावे.

संसर्गाचा धोका नसला, तरी काम नीट होईल का हा प्रश्न उरतो. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे १९४६ पासून सुमारे चार दशके सर्दी-संशोधन केंद्र चालले, आणि तिथे स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीचे व फ्लूचे विषाणू देऊन त्यांच्या चाचण्या घेतल्या जात. त्या चाचण्यांत फ्लूमुळे अनपेक्षित क्षणी येणाऱ्या संकेताला प्रतिसाद द्यायला उशीर होत असल्याचे आढळले, तर सर्दीमुळे हात आणि डोळे यांचा मेळ बिघडत असल्याचे. बसचालक, क्रेन चालवणारा, प्रेस मशिनवर हात ठेवणारा किंवा टाके घालणारा यांच्यासाठी ही किरकोळ बाब नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असलेले क्लोरफेनिरामिन गुंगी आणते, हेही त्यांनी लक्षात ठेवावे.

एवढे ज्ञान असूनही माणसे कामावर जातातच. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका बालरुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण याचा पुरावा आहे: आजारी असताना काम केल्याने रुग्णांना धोका होतो असे सुमारे ९५ टक्क्यांनी मान्य केले, आणि मागच्या वर्षात निदान एकदा तसे केल्याचे ८३ टक्क्यांनी सांगितले. सहकाऱ्यांवर भार पडू नये, हे त्यांचे मुख्य कारण होते. त्याची किंमत स्वतःलाही मोजावी लागू शकते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासातून २००५ मध्ये असे दिसले, की प्रकृती चांगली नसूनही तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या पुरुषांत गंभीर हृदयविकाराचे प्रमाण, मध्यम रजा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आपल्याकडे प्रश्न बहुधा ज्ञानाचा नसतो. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, आणि घरकाम करणाऱ्या बाईचे खाडे अनेक घरांत पगारातून कापले जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि ही मोठी सोय आहे. परंतु नव्याने आजारी पडल्यावर पहिल्या दोन दिवसांचा लाभ साधारणपणे दिला जात नाही. फ्लूच्या दृष्टीने हेच दिवस सर्वांत संसर्गाचे असतात. पहिल्या दिवसापासूनची भरपगारी रजा ही त्यामुळे रोगप्रतिबंधाचीच बाब आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ज्यांच्या घरी कोणी कामाला येते, त्यांना त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

ताप जाऊन बळ परत आल्यावर उरतो तो खोकला. श्वसनसंसर्गानंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो. लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. असा उरलेला, हळूहळू कमी होणारा खोकला घरी बसण्याचे कारण नाही. मात्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगासाठी तपासणी करावी, असा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निकष आहे, आणि खोकला कमी न होता वाढत असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर एकही दिवस थांबू नये. नोकरी जाईल या भीतीने अनेक जण ही तपासणी टाळतात. प्रत्यक्षात जंतू औषधांना दाद देणारे असतील, तर नियमित उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षमता पुष्कळच घटते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बहुतेकांना कामावर परतता येते. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.